भावजी, ब्रेक खाली जात होता

भावजी,

गॅरेज आज उघडलं. तुमच्या हिराताई म्हणत होत्या, अजून चार दिवस थांबा, लोक नावं ठेवतील. मी म्हटलं, लोकांनी आपल्याला नावं ठेवायचं बंद कधी केलं होतं? शटर वर केलं तर आत तोच वास, ग्रीसचा, ब्रेक ऑइलचा आणि तुमच्या त्या नाकात जाणाऱ्या अगरबत्तीचा. एपीएमसीतून कांदा उतरवून आलेला एक टेम्पो दारात थांबला. ड्रायव्हर ओळखीचा, पण त्याला कळलं नव्हतं. "सेठ किधर है?" म्हणाला. मी म्हटलं, "गेले." तर तो विचारतो, "कब तक आएंगे?" मी म्हटलं, गाडी आत घे.

तुमच्या गावाच्या कमानीवर तुमचा बॅनर लागलाय. फोटो कोणी निवडला देव जाणे. फेटा बांधलेला, हात जोडलेले, निवडणुकीला उभे राहिल्यासारखे दिसता. जन्म, मरण, गाव, सगेसोयरे, शोकाकुल मित्रमंडळ, सगळं त्यावर आहे. ते मी पुन्हा लिहीत नाही. मला जे बोलायचं आहे ते बॅनरवर लावण्यासारखं नाही, आणि तुम्ही असताना मी ते बोलले नाही. तुम्ही मात्र मागत राहिलात. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यातही तेच. "वैनी, एकदा तरी बोला. बोला, मी मिलिंदला मारला म्हनून."

मी म्हणायचे, "झोपा आता. डॉक्टर ओरडतील."

तुम्ही माफी मागितली असतीत तर सोपं होतं. माफी मागणाऱ्या माणसाला काय, "जाऊ द्या हो" म्हणून वाटेला लावता येतं. तुम्ही आरोप मागत होतात. असं मागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता ती दसऱ्याची शर्यत कोणाला आठवते? त्या रस्त्यावर सोसायट्या झाल्या, गेट झाले, गेटवर वॉचमन झाले. आम्ही परवा तुमच्या अस्थी घेऊन मोऱ्याच्या जेटीवर निघालो तेव्हा गाडी तिथूनच गेली. माझ्या प्रज्ञाने खिडकीतून बघितलं आणि विचारलं, "आई, इथेच ना?" मी म्हटलं, इथेच. तिथे आता मुलांची सायकल चालवायची जागा आहे, लाल पट्टे मारलेली. हिराताई दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या.

शर्यत सुरू झाली ती तुमच्या रागातून, हे लोक विसरले. उरणच्या बाजूला सरकारने जमिनी घेतल्या, मोठमोठे रस्ते टाकले, दिव्यांचे खांब रोवले, सेक्टरला नंबर दिले, आणि मग वर्षानुवर्षं तिथे एक इमारत उभी राहिली नाही. रस्त्याच्या मध्यभागी म्हशी बसायच्या. तुम्ही एकदा मिलिंदला आणि मला तिथे घेऊन गेला होतात. मिलिंद तुमच्याबरोबरच गॅरेजमध्ये होते, नुकतंच लग्न झालं होतं आमचं, परभणीकडून आलेली मी, मला वाटलं फिरायला नेताय. तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून पायाने डांबर ठोकलंत. "वैनी, हिथं माझ्या बापाचा भात व्हायचा. आता बघा. रस्ता केला, दिवे लावले, आन् गारी एक फिरत नाय. सरकारला फिरवायची नाय तर आपन फिरवू." मिलिंद हसले. तुम्ही हसला नाहीत.

त्या दसऱ्याला तुम्ही फिरवलीत. गॅरेजवाले पाच-सहाजण, वय संपलेल्या जुन्या टॅक्स्या, ज्या भंगारवाल्याकडे जायच्या होत्या. जायच्या आधी एक दिवस धावू दे त्यांना, असं तुमचं म्हणणं. काचा काढायच्या, मागची सीट काढायची, दारं दोरीने बांधायची, बाकी गाडी कंपनीतून जशी आली तशीच ठेवायची. इंजिनला हात लावायचा नाही. रिकाम्या सेक्टरला फेरे मारायचे, खाडीकडच्या वळणावरून परत सरळ रस्त्याला लागायचं. जिंकणाऱ्याला बक्षीस काय, तर जुना पिस्टन घासूनपुसून लाकडावर बसवलेला. लोक तिला भंगार शर्यत म्हणायला लागले तर तुम्हाला केवढा राग. "भंगार नाय बोलायचा. दसऱ्याची शर्यत बोला." दोन-तीन वर्षांत आजूबाजूच्या गावांतून माणसं यायला लागली. बायका उकडलेल्या शेंगा घेऊन बसायच्या. नवरात्र मंडळाचा माइक यायचा आणि तुमचा तो चुलतभाऊ बॉनेटच्या रंगावरून गाड्यांची नावं घ्यायचा. "हिरवी हिरवी हिरवी, अरे हिरवी मागं पडली!" सगळ्या गावाचा घसा बसायचा.

दुसऱ्याच वर्षी भांडण झालं, आठवतं? पनवेलच्या त्या गॅरेजवाल्याने इंजिनमध्ये काहीतरी केलं म्हणून तुम्ही त्याची कॉलर धरलीत. तेव्हा मिलिंदने तोडगा काढला. ज्याने गाडी तयार केली त्याने ती चालवायची नाही. खंडेनवमीला संध्याकाळी सगळ्यांच्या गाड्या एका ओळीत उभ्या करायच्या, चिठ्ठ्या टाकायच्या, आणि ज्याला जी येईल ती त्याने चालवायची. तुम्ही म्हणालात, "मंग चांगली गारी कोन बनवंल? दुसऱ्यासाठी?" मिलिंद म्हणाले, "उलट. आपल्या गाडीत दुसरा बसणार म्हटल्यावर माणूस ब्रेक जास्त नीट करतो." सगळ्यांना पटलं. मला आठवतंय, त्या रात्रीच्या जेवणाला मिलिंद स्वतःवर फार खूश होते. माझ्या नवऱ्याला असे नियम फार सुचायचे.

आणि त्या नियमाने खरंच फरक पडला. नवमीच्या आधीचे दिवस गॅरेजमध्ये जे काम चालायचं तसं गिऱ्हाइकाच्या गाडीला तुम्ही कधी केलं नाहीत. तुमच्या हातची गाडी मिळावी म्हणून लोक देवाला नवस बोलायचे. तुमच्या गाडीचा ब्रेक अलगद लागायचा आणि गाडी जागच्या जागी थांबायची, असं मिलिंद सांगायचे. त्यांना कौतुक होतं तुमचं. घरी आले की दहा वाक्यांत आठ वेळा तुमचं नाव, काशा. कधी कधी मी चिडून म्हणायचे, काशाशीच लग्न करायचं होतं.

आता खंडेनवमीचं सांगते. तुमच्याकडे हत्यारांची पूजा. पाटावर पाने, हातोडे, जॅक मांडायचे, हळदकुंकू, झेंडू, आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याला नारळ फुटेपर्यंत हत्यार उचलायचं नाही. तुम्ही तसे देवाधर्माचे नव्हता. संकष्टीला वडापाव खायचात. पण ही एक गोष्ट तुमच्या आजोबांपासूनची होती, आणि ती तुम्ही मोडली नाहीत. आमच्याकडे पूजा नाही, दसरा म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन, पांढरे कपडे घालून विहारात वंदनेला जायचं. तरी मिलिंद दरवर्षी आपले पाने तुमच्या पाटावर नेऊन ठेवायचे. मी एकदा वाद घातला. घरात आपण पूजा करत नाही आणि तिथे पाने ठेवता? तर म्हणाले, "पूजा त्याची, पाने माझे, दोस्ती दोघांची."

त्या शेवटच्या वर्षी पूजा झाली, चिठ्ठ्या पडल्या, आणि मिलिंदला तुमची गाडी आली. गॅरेजभर आरडाओरडा झाला म्हणे, नशीबवान नशीबवान म्हणून. मिलिंदने ती कंपाउंडमध्ये एक चक्कर फिरवली आणि खाली उतरून तुम्हाला सांगितलं की ब्रेकचं पेडल खाली जातंय, ऑइलच्या नळीत हवा राहिली असेल. हवा काढायचं काम ते. दोन माणसं असली की होऊन जातं, एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने खालून पाना लावायचा. तुम्ही पाटाकडे बघितलंत. झेंडूची फुलं वाहिलेली. तुम्ही म्हणालात, "पूजा झाली रे. सकाली नारल फुटला का पयला त्योच बघतो."

मला हे मिलिंदने घरी जेवताना सांगितलं. मी म्हटलं, मग तुम्ही स्वतः का नाही बघितलं? तुम्हाला कुठे बंधन आहे? ते म्हणाले, "माझे पाने पण त्याच्या पाटावर आहेत ना. आणि काशा सकाळी बघतो म्हणालाय." तुमचं नाव घेतलं की त्या माणसाची काळजी संपायची.

सकाळी तुमचे काका उशिरा आले. नारळ त्यांच्याच हाताने फुटायचा. तोवर माइक सुरू झाला, कोणी पुढारी आला, त्याला शाल द्यायची होती, शाल सापडेना, तुम्ही शाल शोधत फिरलात. मिलिंद विहारातून थेट आले, पांढऱ्या शर्टातच. त्यांनी तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही बघतो म्हणाला होतात म्हणजे बघितलं असणार. आणि तुम्ही विसरलात. हे सगळं तुम्हीच मला सांगितलंत, एकदा नाही, अनेकदा. मला वाटायचं कधीतरी त्यात दुसरा काहीतरी शब्द येईल. पण तुम्ही तेवढंच सांगायचात. विसरलो.

मी बांधावर उभी होते, प्रज्ञाचा हात धरून. वळणाच्या अलीकडे बायका होत्या, पलीकडे म्हातारी माणसं सतरंजी टाकून बसलेली. तिसऱ्या फेरीला बाकीच्या गाड्या वळणाआधी हळू झाल्या. मिलिंदची झाली नाही. मला आधी वाटलं, पुढे जायची घाई. मग उजव्या खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला आणि ते हलवायला लागले, बाजूला व्हा, बाजूला व्हा. पांढऱ्या शर्टाची बाही दिसत होती. माणसं हसली. त्यांना वाटलं, जिंकणारा हात दाखवतोय. सतरंजीवरचं कोणी उठलं नाही. मिलिंदने गाडी दुसऱ्या बाजूला, नाल्याच्या भिंतीवर घातली.

त्या सतरंजीवर तुमचे काका होते, भावजी. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. तुम्हाला माहीत होतंच.

पोलीस स्टेशनात तुम्ही पुढे झालात. "साहेब, ब्रेक..." एवढं तुमच्या तोंडून निघालं आणि काकांनी तुम्हाला दंडाला धरून बाहेर नेलं. मग मला विचारलं, बाई, गाडीत काही दोष असल्याचं माहीत होतं का? मी म्हटलं, मला गाड्यांतलं कळत नाही. तेव्हा खरंच कळत नव्हतं. पण ब्रेक खाली जातोय याचा अर्थ न कळण्याएवढी अडाणी मी नव्हते. दाराच्या फटीतून तुम्ही दिसत होतात, भिंतीला टेकून उकिडवे बसलेले. तुम्हाला आत घालून मला काय मिळणार होतं? मिलिंद मिळणार होते? अपघात म्हणून नोंद झाली. तक्रार केली नाहीस म्हणून सासरच्यांनी मला खूप ऐकवलं. भाऊ म्हणाला, तो आपल्या जातीतला असता तर एवढं झाकलं असतंस का?

पुढच्या दसऱ्याच्या आधी तुम्ही डंपरभर डबर नेऊन त्या वळणावर ओतलंत. शर्यत बंद. सरकारने बंद केली, पोलिसांनी बंद केली, असं लोक सांगतात. सरकारला पत्ताही नव्हता. तुम्ही एकट्याने बंद केलीत, आणि त्याच वर्षी पूजाही बंद केलीत. हिराताईंनी पाट मांडला तर तुम्ही तो उचलून माळ्यावर टाकलात. त्या माझ्याकडे येऊन रडल्या. मी काय सांगणार होते त्यांना? माझ्या मनात आलं, बरं झालं. एवढं मात्र मनात आलं.

तुम्ही आमच्या दारात आलात तेव्हा मी प्रज्ञाची वेणी घालत होते. आत येईनात. उंबऱ्यावरूनच म्हणालात, "वैनी, गॅरेजमधी मिलिंदची बाजू रिकामी हाय. तुमी बसा." मी म्हटलं, मी काय करू तिथे? "मी शिकवतो." आणि तुम्ही शिकवलंत. क्लच, गिअर, बेअरिंग. लोक बघायला यायचे, साडी खोचून बाई गाडीखाली. तुम्ही पाना फेकून मारायचात त्यांना. ब्रेक मात्र तुम्ही मला लांबून शिकवलात. स्वतः हात लावला नाहीत. सांगायचात, हा नट, तो नट, आता पेडल दाबायला पोराला सांगा, आणि तोंड फिरवून उभे राहायचात. मला पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं की त्या दिवसानंतर तुमच्या हाताने एकाही गाडीचा ब्रेक झाला नव्हता. गिऱ्हाईक आलं की तुम्ही ओरडायचात, "वैनी, ब्रेक तुमी बघा." नवीन पोरांना वाटायचं, सेठला कंटाळा.

तेवढ्यावरून मी तुम्हाला चिडवायचेही. ब्रेक न येणारा मेकॅनिक नवी मुंबईत एकच, म्हणायचे. तुम्ही हसायचात. मला वाटायचं, चला, हसले. आता वाटतं, मी असं कसं बोलू शकले आणि तुम्ही असे कसे हसू शकलात. पण माणसं एका छताखाली रोज डबा खातात तेव्हा असंच होतं. भाकरी खाता खाता कशावरही हसतात.

आपलं मोठं भांडण झालं ते त्या पोरांवरून. तुमच्याच गावची, चांगली शिकलेली, एकाचा बाप बिल्डर. शर्यत परत सुरू करू म्हणत आली होती. हेल्मेट असणार, अॅम्ब्युलन्स असणार, परवानगी काढणार, पलीकडच्या नवीन सेक्टरचा रस्ता मागणार. मिलिंदच्या नावाचा चषक. मला ते आवडलं, भावजी. आजही सांगते, मला आवडलं होतं. मिलिंद कसे गेले ते सगळ्यांना माहीत, पण त्या एका दिवसासाठी ते वर्षभर कसे झुरायचे, नवमीच्या आधी आठवडाभर झोपेत गाडी चालवायचे, ते कोणाला माहीत नव्हतं. निदान माइकवर त्यांचं नाव हसत घेतलं गेलं असतं. तुम्ही त्या पोराच्या हातातला चहाचा ग्लास काढून घेतलात आणि म्हणालात, चला, उठा. पोरं गेली. मी भडकले.

"नवरा माझा गेलाय," मी म्हटलं. "शर्यत होऊ द्यायची की नाही ते मी ठरवणार."

"गारी माझी होती," तुम्ही म्हणालात.

"मग? म्हणून तुम्ही एकट्यानेच त्यांना ठेवणार का? मला काहीच नको?"

तुम्ही तो चहाचा ग्लास खाली ठेवलात. मग म्हणालात, "वैनी, तुमी मना एकदा शिव्या घाला. मंग शर्यत कराया सांगा, करतो. तुमी शिव्या पन नाय घालत, आन् हसत हसत चषक देतंव बोलता. मना त्यो चषक बघवायचा नाय."

मी डबा उचलला आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले तर तुम्ही माझ्यासाठी तळलेले बोंबील आणले होते. भांडण तिथेच अर्धवट राहिलं. शर्यत झाली नाही. मीही पुन्हा विषय काढला नाही, आणि मनातून तुमच्यावर रुसून राहिले, सगळी वर्षं, थोडी थोडी.

मी शिव्या का घातल्या नाहीत? लोक म्हणतात, मनाची मोठी. मनाबिनाची मोठी काही नाही. मला भीती वाटत होती. प्रज्ञा शाळेत होती, सासर तुटलं होतं, माहेर लांब. या शहरात माझं असं म्हणायला तुम्ही आणि हिराताई. तुम्हाला एकदा "तुम्ही मारलंत" म्हटलं की मग दुसऱ्या दिवशी त्याच गॅरेजमध्ये तुमच्या शेजारी बसून भाकरी कशी खायची? रागाचा बांध फुटला की काय काय वाहून जाईल, मला अंदाज नव्हता. म्हणून मी अपघात हाच शब्द धरून बसले. तुमच्यासाठी नाही. मला तुम्ही हवे होतात म्हणून.

आणि राग होता हो. खूप होता. तुम्ही प्रज्ञाला शाळेत सोडायला जायचात तेव्हा तुमची पाठ बघून यायचा. तुमचे काका जत्रेत पान खाऊन लाल तोंडाने हसायचे तेव्हा यायचा. झेंडूचा वास आला की अजून येतो.

बेलापूरच्या सीबीडीतल्या त्या हॉस्पिटलात तुम्ही वाळून काडी झाला होतात. हिराताई दुपारी घरी आंघोळीला जायच्या तेव्हा मी बसायचे. खिडकीतून सरकारी ऑफिसांची माणसं जेवणाच्या सुट्टीत फिरताना दिसायची, तुम्ही त्यांच्याकडे बघून म्हणायचात, "यांच्या टेबलावरून आमची शेतं गेली," आणि खोकायचात. त्या शेवटच्या दुपारी तुम्ही माझा हात धरलात. इतक्या वर्षांत कधी धरला नव्हता. "वैनी, मी आता जानार. कोनी नाय हिथं. बोला."

माझ्या तोंडाशी आलं होतं. खरंच आलं होतं. आणि मी म्हटलं, "भावजी, अपघात होता तो. तुमचा काही दोष नाही. मनाला लावून घेऊ नका."

तुम्ही हात सोडलात. चिडून नाही. दुकानात विचारलेली वस्तू नाही म्हटल्यावर माणूस मुकाट्याने निघतो, तसा सोडलात. भिंतीकडे वळलात. मी म्हटलं, चहा आणते. चहा घेऊन आले तोवर नर्स धावत होती. पुढचे दोन दिवस तुम्ही शुद्धीवर आला नाहीत, आणि मग गेलात.

मला वाटत होतं, मी तुम्हाला शांत करून पाठवलं. चांगलं बोलून पाठवलं. रडत होते, पण मनात तेवढं समाधान होतं.

रविवारी तुमच्या गावात शोकसभा झाली. हॉल भरला होता. सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलले. मग तुमचे काका उभे राहिले, आता काठीशिवाय उठवत नाही त्यांना, आणि म्हणाले, "आमच्या काशिनाथनं त्या एका गोष्टीचा जन्मभर लावून घेतला. त्याचा काय दोष? अपघात होता त्यो." हॉलभर माना हलल्या. बरोबर बोलले काका. काय दोष त्याचा. शेजारची बाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तुमी पन मोठ्या मनानं घेतलं हो."

आणि मला तिथे बसल्या बसल्या कळलं. हे सगळं गाव तेच बोलत होतं जे मी बोलले होते. शब्दन्‌शब्द. जन्मभर तुम्ही ज्या ज्या माणसाकडे गेलात त्याने तुम्हाला हेच सांगून परत पाठवलं होतं. काकांनी सांगितलं, कारण त्यांना झाकायचं होतं. गावाने सांगितलं, कारण गावाला त्याचं काय. शेवटी तुम्ही माझ्याकडे आलात. ज्याला खरं बोलायचा हक्क होता असं एकच माणूस उरलं होतं, आणि त्यानेही तुम्हाला गावासारखंच वाटेला लावलं.

माइक माझ्याकडे आला. मी म्हटलं, "चांगला माणूस होता," आणि खाली बसले.

तिथे बोलता आलं नाही ते आता बोलते. तुमच्या कानापर्यंत जात नाही हे मला कळतं. आमच्यात आत्मा भटकतो वगैरे मानत नाहीत, त्यामुळे मी स्वतःची फसवणूकही करू शकत नाही. तरी ऐका.

भावजी, तुम्ही मिलिंदला मारलंत. ब्रेक खाली जात होता. त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं. थोड्या वेळाचं काम होतं, तुम्ही ते उद्यावर टाकलंत आणि उद्या एक शाल शोधता शोधता विसरलात. माझा नवरा तुमच्या गाडीत, तुमच्यावर विश्वास ठेवून मेला, आणि मरता मरता तुमच्या माणसांना वाचवून गेला. माझी पोर बापाशिवाय वाढली. हे तुमच्यामुळे झालं. दुसऱ्या कोणामुळे नाही.

बोलले. आता मला पुढचं बोलता येतंय. मी तुम्हाला माफ केलं, भावजी. केव्हाच केलं होतं. पण हे वाक्य त्या वाक्याच्या आधी बोलता येत नव्हतं, आणि ते तुम्हाला पहिल्या दिवसापासून कळलं होतं.